मुलीला संस्थेची शिष्यवृत्ती मिळतेय, पण बाई गप्प आहेत. काय करावं?

सांगलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, गाण्याच्या परीक्षेत विशारद प्रथम झालंय. नऊ वर्षं मिरजेच्या बाईंकडे ख्याल शिकतेय. पुण्यातल्या एका धर्मादाय संस्थेनं तिची निवड केलीय. महिना चार हजार रुपये, महिन्यातून एक दिवस एका नावाजलेल्या गायिकेचं मार्गदर्शन आणि वर्षाला आठ कार्यक्रम. आम्ही दोघं नोकरदार. चार हजारांवाचून अडत नाही, पण व्यासपीठ आम्ही कुठून आणणार?

बाईंना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "चहा घेणार का?" तेव्हापासून त्यावर एक शब्द नाही. लेक रोज विचारते, आई काय ठरलं? फॉर्म द्यायला पंधरा दिवस उरलेत.

ठेका_विलंबित
मी तबल्याचा माणूस, म्हणून माझा प्रश्न तबल्याचाच. आठ कार्यक्रमांना साथीदार कोण आणणार? त्यांची बिदागी, गाडीभाडं कोण देणार? काही ठिकाणी गाणाऱ्या पोरीला मानधन देतात आणि तबला-पेटीचं "तुमचं तुम्ही बघा" म्हणतात. मग घरचेच खिशातून देतात. तालमीला साथीदार मिळणार का, हेही विचारा. मोबाइलवरच्या ठेक्यावर विलंबित एकताल (संथ लयीतला बारा मात्रांचा ताल) घोटलेली मुलं माणसासमोर बसली की समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, बिचकतात. यंत्र थांबत नाही आणि सांभाळूनही घेत नाही.

जुना_चिटणीस
ताई, मला गळा नाही. बँकेत होतो, हिशेब येतो म्हणून आमच्या तालुक्याच्या गावातल्या संगीत मंडळाचा चिटणीस झालो आणि बावीस वर्षं राहिलो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, कारभार वर्गणीवर. गावोगावच्या होतकरू मुलांना महिन्याच्या पहिल्या रविवारी गायला बसवायचो.

एका वर्षी ताळेबंद मांडताना लक्षात आलं, हॉल, माईक, फ्लेक्स आणि शाल-श्रीफळ यांवर जेवढे गेले त्याच्या निम्मेसुद्धा मुलांच्या हातात पडले नव्हते. आणि फ्लेक्सवर आमच्या अध्यक्षांचा फोटो गाणारीच्या फोटोपेक्षा मोठा! असो.

पण पैशापेक्षा मोठी चूक वेगळीच होती. एक मुलगी होती, काळी चार पट्टीत गायची, गळा असा की पहिल्या षड्जाला, म्हणजे सा लावताच, सतरंजीवरची कुजबुज थांबायची. आम्ही कौतुकानं तिला इकडेतिकडे पाठवायला लागलो. दीड वर्षात अकरा कार्यक्रम झाले आणि त्यातल्या नऊ ठिकाणी ती मधुवंती हा एकच राग गायली. गाणार तरी काय? संध्याकाळची वेळ, चाळीस मिनिटं, शेवटी एक अभंग पाहिजेच. तिचे गुरुजी मला म्हणाले, "चिटणीस, पोरीची मधुवंती पाठ झालीय हो. आता ती शोधत नाही काही." सकाळचा राग तोडी ती चार वर्षं शिकत होती, पण लोकांसमोर एकदाही गायली नव्हती, कारण कार्यक्रम सकाळी कोण ठेवतो?

त्यानंतर आम्ही हॉल सोडला. एका सभासदाच्या माडीवर रविवारी सकाळी सात वाजता बसायला लागलो. तीस माणसं, माईक नाही, दोन तंबोरे, एकच गाणारा आणि त्याला दीड तास. मंडळी पोह्यांसाठी येतात, असं आमची सौभाग्यवती म्हणायची. येईनात का, तोडी ऐकून जायची ना! हॉलचे वाचलेले पैसे एका तबलजीला आणि पेटीवाल्याला महिन्याचे लावून दिले. त्यांनी आठवड्यातून दोनदा मुलांबरोबर नुसतं बसायचं. लोकांना दाखवण्यासारखं यात काहीच नसल्यामुळे दोन मोठे देणगीदार गळाले.

कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. १९७७ पासून टॉलीगंजच्या त्या आवारात गुरू राहतात, शिष्य राहतात, शिष्याला विद्यावेतन मिळतं. आपले निवृत्तीबुवा सरनाईक तिथं गुरू होते, हिराबाई बडोदेकर होत्या, पुढे उल्हास कशाळकरांनी तिथं शिष्य तयार केले. तिथं शिकणारा पोरगा पोटासाठी शिकवण्या करत फिरत नाही. एवढं आपल्या छोट्या संस्थांना झेपणार नाही, मान्य. म्हणून त्यांना एवढंच विचारा: दोन कार्यक्रमांच्या मधल्या दीड महिन्यात तुम्ही मुलीसाठी काय करता? आणि एखादा कार्यक्रम नको म्हटलं तर चालेल का? उत्तर काय येतं यापेक्षा किती पटकन येतं ते बघा.

माशेलची_मावशी
चिटणीसकाका, तुमचं पटतं, पण सगळं नाही. अठराव्या वर्षी मला कोणी माडीवर बसवलं नाही. देवळातल्या उत्सवात, मागे फटाके आणि पुढे रडणारी पोरं असताना गायले. तिथं घाम फुटला तेव्हा कळलं की तंबोरा लावता आला म्हणजे गाणं आलं असं नाही. व्यासपीठही शिकवतं.

आई, तुमची अडचण मला वेगळी दिसते. ती गायिका कुठल्या घराण्याची? बाई किराणा घराण्याच्या असतील आणि मार्गदर्शन जयपूर घराण्याचं असेल तर महिन्यातून एक दिवस पोरीचा आकार, म्हणजे 'आ' लावायची पद्धत, बदलायला लावतील आणि उरलेले दिवस बाई तो पुसत बसतील. दोन गुरू करणं पाप नव्हे. आमच्या गोव्याच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर तुमच्याच सांगलीत राहत असताना जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा रियाज ऐकला आणि आपणहून शिकवायला लागले. मधल्या काळात त्या आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँसाहेबांकडेही शिकल्या, आणि पुढे पुन्हा अल्लादियाखाँसाहेबांकडेच आल्या. पण कोणाकडून काय घ्यायचं ते गाणाऱ्याला ठाऊक हवं. एकोणीसाव्या वर्षी ते नसतं.

पत्र घेऊन तुम्ही गेलात ना? तिथंच चुकलं. मुलीला पाठवा, पत्राशिवाय.

ठेका_विलंबित
एक राहिलं. केंद्र सरकारची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिथं शिकायचं आपल्याच गुरूंकडे. तोही अर्ज भरून ठेवा.

सांगलीची_आई
सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचं ऐकलं. काल लेक एकटीच गेली. दोन तासांनी आली ती रडून लाल झालेली आणि हसतसुद्धा होती. बाई म्हणाल्या, "मला विचारायला तुझी आई आली, तू नाही. गाणार कोण आहे?" मग तंबोरा लावायला बसवलं. जवारीचा, म्हणजे तारेखालचा, धागा सारखा करता करता स्वतःच बोलायला लागल्या. दिवाळीनंतर मुलतानी रागाची तालीम सुरू करायची आहे, ती सहा महिने कुठंही गायची नाही. त्या गायिकेनं ऐकून हवं ते सांगावं, पण नवा राग शिकवू नये. आठ नको, चार कार्यक्रम, त्यातला एक सकाळचा.

आज सकाळी संस्थेला फोन केला. साथीदारांचा खर्च ते देतात, तालमीचा नाही. सकाळच्या कार्यक्रमाचं विचारल्यावर पलीकडच्या बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "असं अजून कोणी मागितलं नव्हतं. समितीला विचारते." सोमवारी कळवणार आहेत.

चिटणीसकाका, तुमची माडी अजून चालू आहे का?

जुना_चिटणीस
चालू आहे. मार्गशीर्षातला दुसरा रविवार मोकळा आहे. तोडी येते ना तिला? पहाटेच्या एसटीनं या, स्टँडवर मी येतो. पोहे आहेतच.