आईचा तोल जातो, घरी कोणता व्यायाम सुरू करावा? (गुहागर)

आगरातला: आई ७६ वर्षांची, गुहागरला एकटीच राहते. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघराबाहेरच्या चिऱ्यांवर घसरली. हाड शाबूत, पण तेव्हापासून पाखाडी उतरून देवळात जाणं बंद झालंय. पाटावरून उठताना खांब धरते. उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. शेजारी म्हणतात, रोज चालायला लावा. फिजिओथेरपिस्टकडे न्यायचं तर चिपळूण गाठावं लागेल. न्यावं का?

लाटकिनारा: नक्की न्या. नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. पायात जोर नसताना पाखाडीवर चालायला लावलंत तर पडायची भीती उलट वाढेल. मांड्या-पोटऱ्यांची ताकद आणि तोल, दोन्हीसाठी वेगळा व्यायाम लागतो, आणि तो माणूस बघूनच ठरवावा लागतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने १९९०च्या दशकात असाच घरी करायचा कार्यक्रम तयार केला. आधी तपासणी, मग आठवड्यातून ३ वेळा साधारण अर्धा तास व्यायाम, झेपेल तसा वाढवत न्यायचा. चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. चिपळूणला विचारताना 'ओटागो' हे नाव जरूर काढा.

तोवर घरी एक बघा. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं समजतात. शेजारी कोणीतरी उभं हवंच.

मालवणची सून: आमच्या सासूबाईंचाही गुडघा दुखतो, म्हणून त्यांना उंच खुर्ची दिली. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. मग स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलायच्या, आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून उभं राहायचं. सुरुवातीला दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरायच्या, आता एक बोट टेकलं तरी पुरतं. आमटी उकळेपर्यंत त्यांचं हे चालूच असतं! तुमच्या आईंना मात्र फिजिओने दाखवल्याशिवाय काही करायला लावू नका, गुडघा वेगळा, माणूस वेगळा.

पडवी: दादा, बीपी झोपून आणि उभं राहिल्यावर, असं दोन्ही वेळा मोजून घ्या. उठल्यावर उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि मिरगाआधी चिऱ्यांवरचं शेवाळ खराट्याने घासून घ्याच.

आगरातला: आभार ताई, आभार सगळ्यांचे. पण ती एकटी असताना करेल का?

मालवणची सून: शेजारच्या आजींनाही सोबत बसवा. आमच्याकडे आता तिघी मिळून करतात.