ऑक्सिमोरॉन म्हणजे विरोधाभास की वदतोव्याघात?

ऑक्सिमोरॉनला मराठीत नक्की काय म्हणायचं? विचारलं की सगळे विरोधाभास सांगतात, पण पॅराडॉक्सलाही तोच शब्द वापरतात. मग दोन्ही एकच का?

– एकच नाहीत हो. ऑक्सिमोरॉन म्हणजे न पटणारे दोन शब्द मुद्दाम शेजारी बसवायचे आणि तरी अर्थ लागला पाहिजे, जसं उघड गुपित. उघड आहे तर गुपित कसलं, पण सगळ्यांना माहितीये आणि कोणीच तोंडाने बोलत नाही अशी गोष्ट दुसऱ्या कुठल्या शब्दात एवढी नेमकी बसत नाही. पॅराडॉक्सला मात्र अख्खं विधान लागतं. "मी आत्ता बोलतोय ते खोटं आहे" हे खरं धरा, खोटं ठरतं, खोटं धरा, खरं ठरतं, बसा फिरत. आणि गंमत म्हणजे इथे विरोधाभास शब्द बसतच नाही, कारण यात विरोधाचा आभास नाही, खराखुरा विरोध आहे!

– मग "माझी आई वांझ होती" हे कशात येतं?

– तो वदतोव्याघात, बोलणाराच आपलं बोलणं कापतो. संस्कृतातलं ठरलेलं उदाहरण आहे ते. त्यात अलंकार बिलंकार काही नाही, सरळ दोष आहे. इंग्रजीत त्याला सेल्फ-कॉन्ट्रॅडिक्शन म्हणा, ऑक्सिमोरॉन नको.

– व्युत्पत्तीचं कोणी बोललंच नाही. ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण (ऑक्सिजनमधला तोच) आणि मोरोस म्हणजे मंद, मूर्ख, म्हणजे शब्द स्वतःच ऑक्सिमोरॉन आहे. मोरॉन ही शिवी पण त्याच मोरोसवरून, पण ती फार उशिरा, 1910 मध्ये गॉडार्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काढली, तेव्हा ती शिवी नव्हती, वर्गवारीतली संज्ञा होती. आणि तीक्ष्ण-मूर्ख म्हटल्यावर मला तरी दासबोधातला पढतमूर्खच आठवतो, दुसऱ्या दशकात त्याच्यासाठी अख्खा समास आहे. प्रतिशब्द म्हणून नाही चालणार, पण जात तीच.

– आमच्याकडे पुढारी साधेपणावर भाषण देऊन दहा गाड्यांच्या ताफ्यात निघाला की लोक लिहितात काय हा ऑक्सिमोरॉन.

– चूक. ती विसंगती, किंवा स्पष्टच बोलायचं तर ढोंग. शब्दाला शब्द लागून भांडण नसेल तर ऑक्सिमोरॉन नाही.

– अनेकवचन?

– ऑक्सिमोरॉन्स चालतं, ग्रीक वळणाने ऑक्सिमोरा. मराठीत बोलताना "दोन ऑक्सिमोरॉन" म्हटलं तरी कोणी अडवत नाही.