एक डेंग्यू येऊन गेला की दुसरा प्रकार येत नाही का?

डिचोलीची_सून:
आमच्या वाड्यावर चवथीच्या आधीपासून डेंग्यूचे पेशंट आहेत. आता माझ्या दिराला ताप आलाय, एनएस-वन (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. त्याला काही वर्षांमागेही डेंग्यू झाला होता. शेजारचे काका म्हणतात, एकदा झाला की सुटलो. फार्मसीवाला म्हणतो, दुसरा डेंग्यू जास्त वाईट. खरं कोणाचं? आणि डेंग्यूचे चार प्रकार आहेत, तर चारही एकदम का येत नाहीत? एक दुसऱ्याला हाकलतो का?

हरमलवासी:
पपईच्या पानांचा रस द्या, प्लेटलेट वाढतात म्हणे.

निवृत्त_लॅबवाला:
रस राहू दे हो, प्रश्न काय विचारलाय ते बघा.

ताई, काका अर्धे बरोबर, फार्मसीवाला पाऊण. जो प्रकार होऊन गेला त्यापासून जन्माची सुटका, बाकी तिघांपासून काही महिन्यांपुरतीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अल्बर्ट सेबिनने (तोच, पोलिओच्या थेंबांचा) हे माणसांवरच तपासलं होतं. एका प्रकारातून बरे झालेल्यांना दुसरा प्रकार टोचला. दोन महिन्यांच्या आत टोचला तर नीटसा आजार होत नसे, पुढे ते संरक्षण विरत जाई.

हे विषाणू एकमेकांशी भांडत नाहीत, गिऱ्हाईक पळवतात. गिऱ्हाईक म्हणजे आपण. समजा यंदा वाड्यावर टाइप वन फिरला. त्यातून उठलेले सगळे काही काळ बाकी तिघांनाही बंद. टाइप टू शेजारच्या गावातून आलाच तर त्याला डास मिळेल, माणूस मिळणार नाही. मग ते तात्पुरतं संरक्षण ओसरतं, नवी बाळं जन्मतात, कामाला बाहेरून माणसं येतात. टाइप वनला जुनी माणसं कायमची बंदच, त्यामुळे आता फावतं ते ज्याची गाठ फार कमी लोकांशी पडलीय त्याचं. दिल्लीच्या 1996 च्या मोठ्या साथीत टाइप टू होता. 2003 ला तिथे चारही सापडले आणि पुढे टाइप थ्री वरचढ झाला. म्हणजे एकदम येतातही, एकाच माणसात दोनसुद्धा सापडतात. पण जोर बहुधा एखाद्याचाच.

आणि गावोगाव हे नेतं कोण? डास जेमतेम शंभर-दोनशे मीटर फिरतो. ताप चढायच्या आदल्या दिवशी कदंब बसमध्ये बसून म्हापशाला गेलेला माणूस नेतो, त्याच्या रक्तात तेव्हाच विषाणू असतो. तिथला डास चावला की आठ-बारा दिवसांत तो डास दुसऱ्याला द्यायला तयार.

फार्मसीवाल्याचं म्हणणं क्यूबात दिसलं. 1977 ला टाइप वनची साथ, 1981 ला टाइप टू आला आणि 158 माणसं गेली. पहिल्या वेळच्या अँटीबॉडी नव्या प्रकाराला चिकटतात, पण मारत नाहीत, उलट पेशीत शिरायला हात देतात. 1997 ला सांतियागो दे क्यूबात पुन्हा टाइप टू आला, तेव्हा गंभीर झाली ती मोठी माणसं. टाइप वन न पाहिलेली लहान मुलं वाचली.

सूक्ष्मजीव_फोंडा:
एक भर. एकाच टाइपमधली घराणी (उपप्रकार) मात्र डासातही चढाओढ करतात. अमेरिका खंडात टाइप टूचं जुनं घराणं होतं, आशियाई घराण्याने त्याला बहुतेक ठिकाणांहून हटवलं. प्रयोगशाळेत दिसलं की आशियाई विषाणू जास्त डासांच्या लाळग्रंथीपर्यंत पोचतो. पेरूतल्या इकिटोसमध्ये 1990 नंतर टाइप वन होता, 1995 ला जुनं अमेरिकन टाइप टू आलं. हजारोंना दुसरा डेंग्यू झाला, गंभीर जवळपास कोणी नाही. त्यामुळे ‘दुसरा म्हणजे वाईटच’ असं धरू नका.

डिचोलीची_सून:
मग दिराला आता कुठला प्रकार आहे, हे कळेल का?

निवृत्त_लॅबवाला:
फोंड्याचं म्हणणं मान्य. ताई, एनएस-वन प्रकार सांगत नाही. त्यासाठी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी) लागतं, आणि कळलं तरी औषध बदलत नाही. डॉक्टरांना मात्र ‘आधी एकदा झालाय’ हे आवर्जून सांगा. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या; ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन अजिबात नको. ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका, धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका, इस्पितळ गाठा.

त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, घरातल्या डासांना त्याचं रक्त मिळता कामा नये. आणि कुळागर (पोफळीची बाग) असेल तर पोफळीच्या गळालेल्या विऱ्या (झावळांचे खोलगट देठ) बघा. काल परसात एक बघितली, वाटीभर पाणी होतं. आधी नुसता पालापाचोळा वाटला, माझी सावली पडताच डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. फॉगिंगवाले रस्त्यावरून धूर सोडून जातात, त्याने या अळ्यांना काही होत नाही. विऱ्या, करवंट्या, ताडपत्रीचे खोलगट भाग, सगळं आठवड्यातून एकदा उलटं करायचं.

डिचोलीची_सून:
बरं. आज संध्याकाळीच सगळ्यांना घेऊन मागच्या बाजूला उतरते. काकांनाही.