बारच्या लायसन्सला विरोध करायचाय तर नुसत्या सह्या पुरत नाहीत

बरेच जण म्हणतात की दोनशे सह्या गोळा केल्या की काउन्सिल (तिथली नगरपालिका) बारचं लायसन्स नाकारेलच. इंग्लंड-वेल्समध्ये तरी तसं होत नाही हो, आणि लोक मेहनत करून हरतात ते बघून फार वाईट वाटतं. २००३ च्या लायसन्सिंग कायद्यात चारच मुद्दे चालतात, गुन्हेगारी, सार्वजनिक सुरक्षा, उपद्रव आणि मुलांचं संरक्षण. "इथे आणखी एका बारची गरजच नाही", "घराच्या किमती पडतील" असलं कितीही लिहा, ते धरतच नाहीत.

त्यामुळे नेमकं लिहा. रात्री साडेबाराला रिकाम्या बाटल्या डब्यात ओततात तो खळखळाट, दाराबाहेर सिगारेट ओढत उभे राहणारे लोक, वर कोणाची बेडरूम आहे, हे सगळं वेळेसकट. आणि पूर्ण नकारच मागायला हवा असं नाही, बंद करायची वेळ अलीकडे आणा, बाटल्या सकाळीच टाका, मागचं अंगण दहाला बंद करा अशा अटी मागितल्या तर सुनावणीत तीन नगरसेवक बसतात त्यांनाही त्यावर निर्णय देणं सोपं जातं, माझ्या मते खरा फायदा इथेच आहे.

आक्षेप नोंदवायची मुदत फक्त २८ दिवस असते, बारच्या दारावर फिकट निळा कागद लागतो त्यावर शेवटची तारीख असते, तो आजच जाऊन वाचा. कोणाचाच ग्राह्य आक्षेप आला नाही तर काउन्सिलला लायसन्स द्यावंच लागतं.