पाच महिन्यांची मुलगी पिता पिता नाहीतर झोळीतच झोपते, पुढच्या महिन्यात ऑफिस आहे

निशू_ठाणे
मुलगी पाच महिन्यांची झालीये. दिवसा झोळी आणि रात्री अंगावर पिता पिता, या दोन्हींशिवाय तिला झोपच माहीत नाही. खाली ठेवलं की पाठ टेकायच्या आत टक्क डोळे उघडते. आधी रात्री बरी झोपायची, आता दर तास-दीड तासाला उठते आणि भूक नसते हो, दोन घोट घेते की परत गुडूप. 26 आठवड्यांच्या रजेतली थोडी डिलिव्हरीआधीच गेली, त्यामुळे पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. दिवसा सासूबाई बघणार पण त्यांची कंबर धरते, तासभर झोके देणं जमणार नाही. नवरा नेटवर वाचून म्हणतो रडू दे, आपोआप झोपेल. आमचं वन बीएचके, ती जरा रडली की बाहेरून "अगं काय झालं लेकराला" सुरू, आणि खरं म्हणजे मलाच ऐकवत नाही. शेजारच्या काकू सांगतायत जायफळ उगाळून चाटव. न रडवता कुणी सवय लावलीये का?

दोन_पोरांची_आई
आधी ते जायफळ विसर. त्याने गुंगी येते आणि उगाळून किती पोटात गेलं याचं काही माप नसतं, जास्त झालं तर विषारी ठरतं. सहा महिन्यांपर्यंत फक्त दूध, गुटी नाही, वरचं पाणीसुद्धा नाही.

आता झोपेचं. चौथ्या महिन्याच्या आसपास बाळांची झोप बदलते, गाढ-हलकी-गाढ असं चक्र सुरू होतं आणि दर चक्राच्या शेवटी थोडी जाग येते. आपल्यालाही येते, आपण कूस बदलून झोपतो. तिला मात्र डोळा लागताना तोंडात दूध होतं, मग जाग आली की तेच हवं असतं. म्हणून फक्त रात्री पहिल्यांदा झोपवतानाचं बदल, बाकी सध्या जसं चाललंय तसं चालू दे. दूध आधी पाज, दिवा चालू असताना, झोपू देऊ नकोस. मग लंगोट-झबलं बदल, दिवा मंद कर, रोज तीच अंगाई म्हण आणि पेंगुळलेली पण जागी असतानाच खाली ठेवून थोपट. रडली तर सरळ उचल, शांत कर, परत ठेव. सुरुवातीला हे खूप वेळा करावं लागतं, वैताग येतो. जमायला लागलं की थोपटणं हळूहळू कमी करायचं, मग नुसता हात ठेवायचा, मग तोही काढायचा. मध्यरात्री कुईकुई केली की लगेच उचलू नकोस, पुष्कळदा डोळे मिटलेलेच असतात. खरी भूक असेल तर मात्र पाज, या वयात रात्री एखाद-दोनदा लागतेच.

बाबा_कोल्हापूर
झोपवायचं काम नवऱ्याकडे द्या. आईला दुधाचा वास येतो म्हणून मूल तिच्याकडे दूधच मागतं, आमच्याकडे मी घेतल्यावरच सुटलं. आणि वेळ चुकवू नका, डोळे चोळणं, कान ओढणं सुरू झालं की लगेच आत न्यायचं, एकदा अतिदमलं की मग कुणाच्या बापाला ऐकत नाही 😅

वऱ्हाडी_मावशी
काऊन येवढं टेन्शन घेता बाप्पा, आमच्याकडं समदी लेकरं झोळीतच मोठी झाली, मोठी झाली की झोपतात आपली आपण.

दोन_पोरांची_आई
मावशी, झोळीशी माझं वैर नाही हो. पण झोळीत हनुवटी छातीवर टेकते, श्वासाला अडचण होऊ शकते, म्हणून कुणीतरी समोर हवंच, आणि पालथं पडायला लागलं की झोळी बंद करायची. दुपट्यात घट्ट गुंडाळणंही तेव्हापासून बंद. झोपवायचं उताणं, घट्ट गादीवर, आणि मोहरीची उशी, जाड गोधडी बाजूला.

मेलबर्नची_मराठी
रडू देण्याबद्दल. थोडं थोडं थांबून जवळ जायचं, किंवा खाटेजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि हळूहळू खुर्ची लांब न्यायची, या दोन पद्धतींवर इथे मेलबर्नमध्ये अभ्यास झाला होता. 326 मुलं घेतलेली, सहा वर्षांची झाल्यावर परत तपासली, 2012 मध्ये छापून आलं. कायमचं नुकसान काही दिसलं नाही, आणि कायमचा फायदाही नाही. पण ती बाळं सात-आठ महिन्यांची होती हे नवऱ्याला सांगा, पाचव्या महिन्यात दार लावून बाहेर बसायची गरज नाही.

निशू_ठाणे
थँक्यू सगळ्यांना. नवऱ्याला वाचून दाखवलं, खुर्चीवाला प्रकार त्याला पटला, मोबाईल घेऊन बसता येईल म्हणे 🙄 जायफळ कॅन्सल. पण दिवसाचं काय? सासूबाईंना झोळीच सोपी वाटते.

दोन_पोरांची_आई
दिवसाची झोप सगळ्यात उशिरा सुटते, त्यात आत्ता पडू नकोस. आधी रात्र बसू दे. नंतर सकाळची पहिली झोप तेवढी गादीवर करून बघायला सांग, ती त्यातल्या त्यात सोपी जाते, दुपारी झोळी राहू दे. आणि आत्तापासूनच आठवड्यातून दोन-तीनदा सासूबाईंनाच झोपवू दे, तू सोसायटीत चक्कर मारून ये.