मदत हवी आहे: जंगल-शेतांमधला दुपदरी रस्ता, रात्री वेग किती ठेवावा?

कामाच्या वेळा बदलल्यामुळे आता बऱ्याचदा अंधार पडल्यावर एका दुपदरी राज्यमार्गावरून परतावं लागतं. दुभाजक नाही, दिवे नाहीत. अर्धा रस्ता जंगलातून, उरलेला शेतांमधून.

पाटी ८० ची आहे. पण समोरून गाडी आली की अप्पर उतरवावा लागतो आणि मग ८० ला पुढचं धड दिसत नाही. ६० वर आलो की मागचा बंपरला चिकटतो आणि अप्पर मारत बसतो. अशा वेळी काय करता? जनावर आडवं आलं तर ब्रेक की स्टिअरिंग? जास्त वॉटचे बल्ब लावून उपयोग होतो का? नुसतं 'सावकाश चालवा' सांगू नका, ते घरचे रोज सांगतात.

प्रतिसाद १
हिशोबच करू. ८० म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीसेक. झाले जवळपास ७० मीटर. लो बीमवर, म्हणजे अप्पर उतरवल्यावर, काळ्या कपड्यातला माणूस एवढ्या लांबून दिसणं विसरा. ६० ला हेच अंतर ४५ च्या आसपास येतं. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे, मागच्याचा चुकतोय. जागा मिळाली की इंडिकेटर देऊन कडेला घ्या, त्याला जाऊ द्या आणि लांबून त्याच्या मागे राहा. पुढचं वळण त्याच्या दिव्यांत आपल्याला फुकटात दिसतं!

प्रतिसाद २
हरीण, गुरं, कोल्हा यांचे डोळे चमकतात, कारण डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा थर असतो. रानडुकराला तो थर नाही. अंगही काळपट, त्यामुळे ते अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. जंगलाच्या पट्ट्यात मला खरी धास्ती त्याचीच. हरीण एक गेलं म्हणून लगेच वेग वाढवू नका, मागे बाकीची असतात. ब्रेक सरळ रेषेत, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पूर्ण दाबून धरा. स्टिअरिंग झटक्याने फिरवलंत तर हरीण वाचेल, पण तुम्ही झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर जाल. दिव्याने दिपून ते जागीच थिजलं असेल तर लो बीम करून हॉर्न द्या.

प्रतिसाद ३
शेतांचा पट्टा लागला की लोक सैलावतात, आणि नेमकी तिथेच मागचे दिवे नसलेली ट्रॉली पुढ्यात येते. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पडलेला असतो, पाऊस भुरभुरला की तो साबणासारखा निसरडा होतो. उभ्या पिकाआडून फुटणारे आडरस्तेही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत.
जास्त वॉटचे बल्ब नकोच. वायरिंग आणि होल्डर तापतात, वर समोरचा आंधळा होतो. आधी हेडलाइटचा कोन तपासून घ्या, पिवळी पडलेली काच पॉलिश करा आणि पुढची काच आतून पुसा. आतल्या तेलकट थराने समोरचा उजेड सगळीकडे फाकतो.

धागाकर्ता
आभार. काच पुसून पाहिली, चकाकी बरीच कमी झाली. कोन या आठवड्यात तपासून घेतो. एक राहिलंच: समोरच्याने अप्पर उतरवलाच नाही तर?

प्रतिसाद १
दिव्यांकडे बघू नका. आपल्या बाजूची कडेची पांढरी रेघ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा. रेघ पुसलेली असेल तर आणखी हळू. तो गेल्यावरही डोळे स्थिरावायला काही सेकंद लागतात, तोवर वेग वाढवू नका.