असोसिएट डिग्रीआधीच युनिव्हर्सिटी: घाई की शहाणपण?

बेएरियाची_आई: इथे कॅलिफोर्नियातल्या एका मराठी ग्रुपवर कुणा काकांनी लिहिलंय, "कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री न घेता युनिव्हर्सिटीत पळणारी पोरं अर्धवट. आमच्या वेळी आधी डिप्लोमा पूर्ण, मगच पुढे." वाचून डोकंच फिरलं. अहो, यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर घ्यायला ती डिग्री लागतच नाही! 60 सेमिस्टर युनिट (क्रेडिट) आणि मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, विषय झाले की बास. आमच्या लेकीला डिग्रीसाठी जे दोन विषय उरले होते, त्यांचा तिच्या मेजरशी काडीचा संबंध नव्हता. सप्टेंबरात टॅग, म्हणजे यूसीच्या एका कॅम्पसला प्रवेशाची हमी मिळवायचा अर्ज, भरला आणि यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला गेली. थांबली असती तर?

फ्रेस्नोकर: तर एक सत्र गेलं असतं. युनिटला 46 डॉलर, त्यात काय एवढं?

बेएरियाची_आई: सत्र नाही, वर्ष! यूसीचे बहुतेक ट्रान्सफर प्रवेश फॉललाच असतात.

फ्रेस्नोकर: यूसी म्हणजेच जग का? 2010च्या कायद्यानं एडीटी, म्हणजे खास ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री, आली. ती घेतली की सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) जागेची हमी, पुढे बॅचलरला 60च युनिट. माझा पुतण्या डिग्री सोडून गेला, मध्येच भावाची नोकरी गेली, शिक्षण थांबलं. आज हातात एक कागद नाही. त्याला सांगा तुमचं शहाणपण.

उगाच_एक: हमी सीएसयूची आहे, तुम्हाला हव्या त्या कॅम्पसची नाही. सॅन होजे कॅम्पसच हवा म्हणून बसलेले बरेच पाहिलेत.

लेथवाला: काकांचं दुखणं मला कळतं. आम्ही दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निकात घासली, इंजिनियरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला गेलो, तर बारावीवाले म्हणे "मागच्या दारानं आले". तो राग अजून आहे.

बारावी_पीसीएम: राग कसला? एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) निम्मे डिप्लोमावाले गळायचे. आमच्या वर्गात डोळ्यांनी पाहिलंय.

लेथवाला: आणि वर्कशॉपमध्ये कुणाची फे फे उडायची? लेथच्या चकमध्ये जॉब (कापायचा तुकडा) धरता येत नव्हता, निघाले इंजिनियर व्हायला!

बारावी_पीसीएम: लेथ चालवायला ऑपरेटर असतो, साहेब.

लेथवाला: हीच ती मस्ती.

उगाच_एक: अहो, धागा कॅलिफोर्नियाचा आहे! फ्रेस्नोकर, पुतण्याला जुन्या कॉलेजात विचारायला सांगा. युनिव्हर्सिटीत केलेले विषय मागे आणून असोसिएटसाठी अर्ज करता येतो. किमान 12 युनिट त्या कॉलेजात झालेले हवेत आणि बाकीच्या अटी बसायला हव्यात.

फ्रेस्नोकर: हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विचारतो. पण म्हणून ताईंचं बरोबर ठरत नाही. सगळ्यांच्या घरी टॅगच्या तारखा पाठ असणारी आई नसते.

बेएरियाची_आई: हे कौतुक समजून घेते.

लेथवाला: चकचं उत्तर कुणी देणार आहे का?